सहा महिन्यांनंतरचा फोन

नोव्हेंबर. क्लाक्सविकमध्ये साडेतीनलाच काळोख.
समोरचं कुनोय बेट पुसून गेलंय,
आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत
मान वाकडी करून, रिसिव्हर खांद्यात दाबून
मी सतरा जणांना एकच प्रश्न विचारतेय:
उपचारांबाबत तुम्ही किती समाधानी आहात?
शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे पुरेपूर.
साडेसात चालत नाही.
कॉम्प्युटर घेत नाही.

ब्यार्टा लागते. एकोणीस वर्षांची, हॅन्डबॉलवाली.
मांडीच्या मागचा स्नायू, हवेत असतानाच फाटलेला.
आता सोनोग्राफीत वणसुद्धा सापडत नाही;
तो फोटो आम्ही भिंतीवर चिकटवलाय
शिकाऊ मुलांना दाखवायला.
ब्यार्टा म्हणते, चार.

दुखतं का?
नाही.
पळवतं?
आधीपेक्षा जास्त.
मग?
तिकडे कुणीतरी भांडी लावतंय, ताटलीवर ताटली.
"उडी घेताना मी आता विचारते.
पायाला. येऊ का, म्हणून.
पूर्वी नव्हते विचारत."
मी चार लिहिते.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं, कळत नाही.

हॉग्नी तर फोनवरही वाऱ्यात उभा असल्यासारखा ओरडतो.
सहा वल्ह्यांच्या होडीत तिसरा. एप्रिलात पाठीत उसण भरली
ती अशी, की बुटाची नाडी बायकोनं बांधायची.
"बर्फाला शून्य लिही. त्या विजेच्या डब्याला एक, गुदगुल्यांचा.
आणि ते इंजेक्शन! माझंच रक्त काढलंत,
गरागरा फिरवलंत, मलाच टोचलंत,
आणि वर म्हणालात, पाच आठवडे वल्ह्याला हात लावू नकोस.
अगं, पाच आठवडे नुसता पडून राहिलो असतो
तरी बराच झालो असतो की!"
म्हणजे किती लिहू?
"आठ."
आठ?
"राहिलो असतो का पडून? बावीस वर्षांत
बायकोला जमलं नाही ते तुम्ही केलंत.
जुलैत शर्यतीला होतो. चौथे आलो.
ते पाठीमुळे नाही, सुकाणूवाल्यामुळे. तेही लिही."

पेटुरचा नंबर फिरवायचं मी लांबवत होते.
गोलकीपर, वय एकेचाळीस, दिवसा सामन माशांच्या कारखान्यात.
जांघेतला स्नायू तीनदा फाटला, तीनदा शिवल्यासारखा भरला,
मेमध्ये चौथ्यांदा गेला.
आता तो खेळत नाही.
जिना चढताना कठडा धरतो, हे मी स्वतः पाहिलंय,
दुकानात, बटाट्यांची पिशवी दुसऱ्या हातात.

दहा, म्हणतो.
मी पुन्हा समजावते: शून्य म्हणजे वाईट,
दहा म्हणजे—
"माहीत आहे मला. दहा."
मी गप्प. तोही.
मग, जणू दुसऱ्या कुणाबद्दल, सांगतो:
"नऊ वर्षं सांगत होतो, आत काहीतरी आहे.
कोच म्हणायचा, मनाचे खेळ. आई म्हणायची, वय.
डॉक्टर म्हणायचा, नक्की कुठे, बोट ठेवून दाखव;
आणि मला बोट ठेवता यायचं नाही,
ते फिरायचं गं, उंदरासारखं.
पहिल्याच दिवशी तुमच्या रान्वानं अंगठा टेकवला.
'इथं?' असं नाही विचारलं.
'इथं,' म्हणाली."

पुढचे दोघं उचलत नाहीत.
शुक्रवारी हे आकडे तोर्शहाव्हनला जातील,
तिथं त्यांची बेरीज होईल, भागाकार होईल,
आणि वसंतात एक कागद येईल:
आमचे रुग्ण समाधानी आहेत.
असतीलही.
पेटुरच्या शेऱ्यात मी एवढंच लिहिलंय: इथं.
ते मात्र कॉम्प्युटरनं घेतलं.

रिसिव्हर ठेवते. मान सरळ होत नाही लगेच.
मुलींच्या होडीत होते मीही, सोळाव्या वर्षी, डावीकडे;
तेव्हाचं काहीतरी खांद्याच्या पात्याखाली
अजून असतं, अशा दिवसांत.
अंगठा मागे नेऊन दाबून बघते.
बोटभर चुकतो.
आणखी थोडं खाली असावं,
किंवा आत.